दिल्लीतील पौष

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या दिल्लीच्या सहलीविषयी चार शब्द लिहावेत, असा आग्रह संपादिकाबाईंनी धरला तेव्हा मी आधी नकारच दिला. दिल्ली आता कोणी पाहिलेली नाही? कुतुबमिनार केवढा उंच आणि चांदणी चौकातल्या जिलब्या कशा, हे वाचण्यासाठी भगिनींनी माझा लेख कशाला उघडावा? परंतु त्या सहलीत असे काही घडले की, जो इतिहास मी पंचवीस वर्षे शाळेत शिकवीत आले, तो मला नव्याने वाचावा लागला. तेवढेच येथे सांगते.

आम्ही बावीसजणी निघालो त्या ऐन पौषात. पौष हा आपल्याकडे भाकड महिना; लग्नकार्ये नाहीत, मुंजी नाहीत, म्हणून घरच्या बायकांना सवड. संक्रांत आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई सेंट्रलला गाडीत बसलो. शाकंभरी पौर्णिमेच्या आत परतायचे, ही अट सर्वांचीच होती. त्या पौर्णिमेला आपल्या प्रभादेवीची जत्रा लागते, आणि जत्रेला घराबाहेर राहणे कोणालाच मानवले नसते.

प्रभादेवीच्या माणसाला थंडी म्हणजे काय ते ठाऊक नसते. जत्रेच्या रात्री खांद्यावर शाल टाकली, पहाटे पंखा बंद केला की आमचा हिवाळा साजरा झाला. दिल्लीला उतरलो तेव्हा पारा सहा-सात अंशांवर होता आणि धुके इतके दाट की फलाटावर पुढे चालणारी बाई शालीच्या रंगावरून ओळखावी लागे. धुक्यामुळेच गाडीला चार तास उशीर झालेला. प्रत्येकीने अंगावर दोन स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायांत यजमानांचे लोकरी मोजे चढविले होते. तरी दात वाजत होते. "बाई, आपली माणसं इथं राज्य करायला कशी हो आली?" असे आमच्या मावशी म्हणाल्या आणि सगळ्याजणी हसलो.

या मावशी आमच्यात वडील. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात त्यांनी वीस-पंचवीस गिरणी कामगारांची खानावळ चालविली, संपानंतरच्या वाईट दिवसांतही चूल विझू दिली नाही. तिशीच्या आतच त्यांचे यजमान गेले. शिक्षण चौथीपर्यंतचे; पण प्रश्न असा विचारतील की शिकलेल्याने पुस्तक मिटावे.

पहिल्या दिवशी लाल किल्ला पाहिला. शाहजहानने १६३९ साली याचा पाया घातला आणि १६४८ साली तो पुरा झाला. लाहोरी दरवाजातून आत शिरले की छत्ता बाजार, पुढे नौबतखाना, मग दिवाण-ए-आम आणि शेवटी दिवाण-ए-खास. पूर्वी यमुना किल्ल्याच्या तटाला लागून वाहत असे. आता तेथे मोठा रस्ता आहे. त्या दिवशी मात्र धुक्यात रस्ता दिसत नव्हता, त्यामुळे तटाखाली अजून नदीच असावी असे भासत होते. संगमरवर हाताला बर्फासारखा लागत होता.

वाटाड्या नेहमीप्रमाणे बादशहांची नावे घेत होता. मयूरासन येथे होते, नादिरशहाने ते १७३९ साली नेले, वगैरे. किल्ल्यासमोरचा चांदणी चौक शाहजहानची कन्या जहांआरा हिने वसविला, हे ऐकून आमच्या बायकांना फार बरे वाटले. तेव्हा मावशींनी मला बाजूला घेऊन विचारले, "बाई, बादशहाच्या लेकीचं कळलं. आपल्याकडची एखादी बाई इथं येऊन राहिली होती का?"

वर्गात हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी दिवाण-ए-खासच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले.

छत्रपती संभाजी महाराजांचा मार्च १६८९ मध्ये वध झाला. रायगडावर त्या वेळी महाराणी येसूबाई होत्या आणि त्यांचे पुत्र शाहू जेमतेम सात वर्षांचे होते. स्वतःच्या मुलाला गादीवर बसविण्याचा हट्ट त्यांना धरता आला असता. तसे न करता त्यांनी धाकटे दीर राजाराम महाराज यांना पुढे केले आणि गडाबाहेर काढून दिले. आपण मुलासह गडावर थांबल्या. ही राजधानी पडली तरी राज्य पडू नये, असा त्यामागचा विचार. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि येसूबाई व शाहू कैदेत पडले. पुढची सतरा वर्षे औरंगजेबाची छावणी दक्षिणेत जिकडे फिरेल तिकडे ही मायलेकरे फिरली. १७०७ साली औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला. मोगल फौज उत्तरेकडे वळली आणि वाटेत शाहू महाराजांची सुटका झाली. पण मातोश्रींना ओलीस ठेवून घेतले. मुलगा साताऱ्यास छत्रपती झाला आणि आई दिल्लीस कैदी राहिली. आणखी बारा वर्षे!

"बारा हिवाळे," मावशी म्हणाल्या आणि शाल घट्ट ओढून घेतली.

माझ्या मनात तो हिशोब असा कधी आला नव्हता. मी शाळेत 'येसूबाईंची कैद : १६८९ ते १७१९' असे फळ्यावर लिहीत असे आणि पुढे जात असे. तीस वर्षांच्या त्या रेघेत कोकणच्या डोंगरात वाढलेल्या बाईने दिल्लीच्या धुक्यात बारा पौष काढले, हे त्या गार दगडावर बसल्यावर कळले. आपल्या प्रभादेवीचे देऊळ १७१५ च्या सुमारास बांधले गेले असे मानतात. येथे समुद्राकाठी देवीची स्थापना होत होती तेव्हा राज्याची थोरली राणी तिकडे परक्या पहाऱ्यात दिवस मोजीत होती.

त्या कैदेतही एक मायेची व्यक्ती होती. औरंगजेबाची कन्या झीनत-उन्-निसा हिने येसूबाईंना आणि लहानग्या शाहूंना छावणीत असताना आपुलकीने वागविले, हे इतिहासकारांनी नमूद केले आहे. दर्यागंजात या शाहजादीने बांधलेली मशीद आजही उभी आहे; झीनत-उल्-मसाजिद तिचे नाव. १८५७ नंतर इंग्रजांनी तिचा उपयोग पलटणीची पावरोटी भाजण्यासाठी केला! किल्ल्यापासून ती फार लांब नाही. आम्ही दुपारी मुद्दाम तेथे गेलो. धुके विरले होते आणि तिचे काळे-पांढरे पट्टे असलेले घुमट कोवळ्या उन्हात दिसत होते. बापाने राज्य बुडविले आणि लेकीने त्याच राज्याच्या सुनेला माया दिली, या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या. इतिहास शिकविताना आम्ही पहिली सांगतो आणि दुसरी गाळतो.

येसूबाईंची सुटका केली पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी. १७१९ च्या हिवाळ्यात ते सय्यद हुसेन अलीबरोबर फौज घेऊन दिल्लीस आले. बादशहा फर्रुखसियर पदच्युत झाला त्या दिवशी शहरात दंगा उसळला आणि आपले दीड-दोन हजार लोक रस्त्यांत मारले गेले. मार्चमध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, आणि त्यांच्याबरोबर येसूबाई परत निघाल्या. जुलैमध्ये त्या साताऱ्यास पोहोचल्या. सात वर्षांचा असताना जो मुलगा हाताशी धरून गड उतरल्या होत्या, तो आता सदतिसाव्या वर्षी राजा म्हणून सामोरा आला. पाठ्यपुस्तकात सनदांना एक पान असते. या भेटीला एक ओळ.

त्या संध्याकाळी उतारुघरात आम्ही हळदीकुंकू केले. संक्रांतीचे दिवस, बरोबर घरचे तिळगूळ होते, कोणी वाण म्हणून छोटे आरसे आणले होते. करंडा माझ्या हाती होता. मी पहिल्या भगिनीला कुंकू लावले तेव्हा मावशी उठल्या. "मला आत कोंडल्यासारखं होतं. जरा वाऱ्यावर बसते," म्हणाल्या आणि बाहेरच्या ओसरीवर जाऊन बसल्या. बाहेर पारा सहा अंशांवर होता. त्या का उठल्या हे खोलीतल्या प्रत्येकीला माहीत होते. मलाही होते. मी करंडा घेऊन पुढच्या बाईकडे वळले. कार्यक्रम चांगला झाला, नावे घेतली, गाणी झाली. अर्ध्या तासाने मी तिळगूळ घेऊन बाहेर गेले तेव्हा त्यांचे हात गारठले होते. त्या म्हणाल्या, "बाई, गोड बोलायचं ते मीच सांगायचं का तुम्ही?" आणि हसल्या.

दुसऱ्या दिवशी पानिपतास गेलो. दिल्लीपासून सुमारे नव्वद किलोमीटर. दोन्ही बाजूंना हिरवा गहू, फुललेली पिवळी मोहरी आणि त्यावर धुक्याची चादर. योगायोग असा की, तो दिवस पौष शुद्ध अष्टमीचा होता. पानिपतचा संग्राम झाला तो याच तिथीला, शके १६८२, म्हणजे बुधवार १४ जानेवारी १७६१. भगिनींना दुसरीही गोष्ट ठाऊक आहे की, याच अष्टमीला शाकंभरीचे नवरात्र बसते. आपल्याकडे देवीचे घट बसत होते त्या दिवशी तिकडे लाखभर माणसांच्या नशिबाचा निकाल लागत होता.

या मोहिमेचा दिल्लीशी संबंध असा. सदाशिवरावभाऊंनी ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली घेतली. खजिना रिकामा, फौजेचा पगार थकलेला. म्हणून दिवाण-ए-खासच्या छताचा चांदीचा पत्रा काढून त्याचे रुपये पाडावे लागले. आदल्या दिवशी आम्ही मान वर करून ते छत पाहिले होते. भाऊंबरोबर त्यांच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. नाना फडणीस तेव्हा ऐन तरुण. त्यांच्या मातोश्री आणि पत्नीही होत्या. सरदारांची कुटुंबे होती, दासी होत्या, कुणबिणी होत्या, आणि काशी, प्रयाग, मथुरा, कुरुक्षेत्र घडेल म्हणून फौजेच्या आधाराने निघालेली यात्रेकरू मंडळीही होती. आज त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्या काळी एकट्यादुकट्या बाईला उत्तरेची यात्रा कशी घडणार? फौज जाईल तोच सुरक्षित रस्ता.

ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. तेवढ्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीकडचा मार्ग अडला. नोव्हेंबरपासून अडीच महिने मराठे पानिपतास खंदक खणून बसले. रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि धान्य बंद झाले. रात्री गवत-लाकूड आणावयास बाहेर पडलेली माणसे परत येत नसत. जनावरे उपाशी मरू लागली. आणि ही थंडी! अंगावर देशावरची सुती वस्त्रे, शेकोटीला लाकूड नाही, पोटात अन्न नाही. लढाईचे डावपेच सांगताना मी वर्गात तोफा आणि गोल सांगत असे. हिवाळा हा अब्दालीचा तिसरा हात होता, हे त्या शेतात उभे राहिल्यावर पटले. अफगाणांकडे कातड्याचे आणि लोकरीचे कपडे होते. आपल्याकडे उपरणी होती. शेवटी, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असे फौजेनेच भाऊंना सांगितले. १४ जानेवारीस तोंडाला हळद फासून लोक रणात उतरले, असे डोळ्यांनी पाहणाऱ्या काशिराज पंडिताने लिहून ठेवले आहे.

"हळद?" मावशींनी विचारले.

"हळदच," मी म्हटले.

काला अंब नावाच्या जागी लाल विटांचा स्तंभ आहे. येथे एक आंब्याचे झाड होते आणि ते रक्ताने काळे पडले अशी कथा सांगतात. आम्ही तेथे तिळगूळ ठेवला. मग मी नेहमीप्रमाणे त्या प्रसिद्ध पत्राची हकिकत सांगितली. युद्धाची बातमी एका सावकारी पत्रातून दक्षिणेत पोहोचली, त्यात मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशी सांकेतिक भाषा होती. मोत्ये म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, रुपये-खुर्दा म्हणजे शिपाई. सांगता सांगता मीच अडखळले. या जमाखर्चात बायका कोणत्या रकमेत धरल्या? नाना फडणिसांच्या मातोश्री त्या गर्दीत गेल्या त्या कायमच्या. कित्येकींना कैद करून नेले. त्या मोत्यांत नाहीत, मोहरांत नाहीत, खुर्द्यातही नाहीत.

ज्या वाचल्या त्यांची कहाणी मात्र थंडीचीच आहे. पार्वतीबाईंना विश्वासू माणसांनी रणातून बाहेर काढले. उपाशी, उघडेवाघडे लोक भरतपूरच्या राज्यात पोहोचले तेव्हा जाट राजा सूरजमल आणि त्याची राणी किशोरी यांनी त्यांना अन्न दिले, औषधपाणी केले आणि अंगावर घालावयास कपडे व पांघरुणे दिली. सूरजमलाचे भाऊंशी बिनसलेले होते, तो मोहीम सोडून गेला होता. तरी दारात थंडीने काकडणारे माणूस आले तेव्हा त्या घराने मागचा हिशोब काढला नाही.

याच लढाईत जखमी होऊन वाचलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी पुन्हा दिल्लीस आले आणि ६ जानेवारी १७७२ रोजी बादशहा शाह आलम त्यांच्या संरक्षणाखाली राजधानीत शिरला. तोही पौष-माघाचाच सुमार. पुरुषांचे अपयश अशा रीतीने भरून निघाले. पार्वतीबाईंचे काय झाले, हे मावशींना ऐकायचे होते.

भाऊसाहेब गेले, हे पार्वतीबाईंनी मानले नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे केशवपन व्हावयाचे, कुंकू पुसावयाचे. त्यांनी ते होऊ दिले नाही. पुण्यास पेशव्यांच्या घरात त्या सौभाग्यचिन्हांसह राहिल्या. मध्यंतरी भाऊंचा एक तोतया निघाला आणि त्याला १७७६ साली देहान्त शिक्षा झाली. तरीही बाईंचे कुंकू कायम राहिले, ते १७८३ साली त्या वारल्या तोपर्यंत. बावीस वर्षे! लोकांनी याला भाबडेपणा म्हटले असेल, कोणी पतिभक्ती म्हटले. मला आता वाटते, आपले कुंकू पुसण्याचा अधिकार त्या बाईने दुसऱ्या कोणाला दिला नाही, एवढीच ती गोष्ट आहे.

मावशी बराच वेळ स्तंभाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, त्या पार्वतीबाईंना पेशव्यांच्या घरच्या बायका हळदीकुंकवाला बोलवीत होत्या का हो?"

मी काही बोलले नाही. त्यांनी आवाज चढविला नव्हता, रोषही नव्हता. पण बावीसजणींपैकी एकीनेही मान वर केली नाही.

परतीच्या गाडीत मी करंडा काढला आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटले, "मावशी, काल माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "कुंकू राहू द्या. पन्नास वर्षांची सवय मोडवत नाही. हळद लावा, तिळगूळ द्या आणि मला आतच बसू द्या." मी त्यांच्या कपाळाला हळद लावली. समोरच्या बाकावरील दोघींनी त्यांना वाण दिले. उरलेला प्रवास आम्ही भेंड्या लावीत केला आणि मावशींनी आम्हा सर्वांना हरविले.

भगिनींनो, हे लिहिण्याचे कारण एवढेच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तसे आवाहन केले. आपण तर मुंबईतल्या, शिकल्या-सवरलेल्या. आपल्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणात 'सौभाग्यवती' हा शब्द अजून छापला जातो. तो काढून 'सर्व भगिनींस' असे छापावे, अशी माझी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. ज्या भगिनीला कुंकू हवे तिने कुंकू घ्यावे, जिला नुसती हळद हवी तिने हळद. तिळगूळ आणि वाण सर्वांना सारखे. काही वडीलधाऱ्यांना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांच्याशी मी जरूर बोलेन. मात्र त्यांनीही एकदा मावशींशी बोलावे.

आम्ही परतलो त्यानंतर चार-पाच दिवसांनी शाकंभरी पौर्णिमा आली. देवळाच्या रांगेत मी आणि मावशी एकत्र उभ्या होतो. समुद्राचा थोडा गार वारा सुटला होता आणि रांगेतल्या बायका "काय ही थंडी!" म्हणत होत्या. मावशींनी माझ्याकडे पाहिले आणि दोघीही हसू लागलो.